बेरजेची कला

'शोले' पाहिलेल्या माणसाला मी एक प्रश्न हमखास विचारते. गब्बर ठाकूरच्या लहानग्या नातवाला मारतो, ते तुम्ही पाहिलंत का? बहुतेक जण हो म्हणतात. मुलगा कसा कोसळला, ते काही जण हाताने करूनही दाखवतात. मग आम्ही तो प्रसंग लावतो आणि हळूहळू पुढे सरकवतो. झोपाळा करकरतो आहे, अंगणात प्रेतं पडली आहेत, गब्बरची बंदूक मुलाकडे वळते. आणि कट. आगगाडी स्टेशनात येते, सुट्टीवर घरी निघालेला ठाकूर डब्यातून उतरतो. मुलाला गोळी लागल्याची एकही फ्रेम तिथे नाही. वर्गात शांतता पसरते. 'पण मी पाहिलं होतं,' असं कुणीतरी पुटपुटतं. त्याचं खोटं नसतं. त्याने ते खरंच पाहिलेलं असतं, पण ते पडद्यावर घडलेलं नसतं. बंदूक आणि आगगाडी यांच्या सांध्यात, त्याच्या स्वतःच्या मनात, ते घडलेलं असतं. १९७५ साली आलेल्या या चित्रपटाला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो संकलनासाठी, एम. एस. शिंदे यांना. त्या निवडीबद्दल आजही लोक आश्चर्य व्यक्त करतात. मला मात्र ती निवड फार जाणतेपणाची वाटते.

या कामाला आपण मराठीत संकलन म्हणतो, आणि हा शब्द आपल्याला मिळाला हे आपलं भाग्य आहे. बोलताना आपण 'कट केलं' म्हणतो, 'सीन कापला' म्हणतो. त्यामुळे संकलक म्हणजे नको ते काढून टाकणारा, कात्री घेऊन बसलेला माणूस असं चित्र तयार होतं. फ्रेंचांचा 'मोंताज' हा शब्द यंत्राचे भाग जुळवण्याच्या कामावरून आला. आपला शब्द त्याहून वेगळ्या घरातला आहे. आपल्या जुन्या गणितात बेरजेला संकलन आणि वजाबाकीला व्यवकलन म्हणत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त हे शब्द याच अर्थाने येतात. म्हणजे आपल्या भाषेपुरतं तरी हे काम बेरजेचं आहे. एक शॉट अधिक दुसरा शॉट, आणि उत्तर पाहणाऱ्याने मांडायचं. या पुस्तकात मी जे काही म्हटलं आहे, ते या एका शब्दातून निघालं आहे.

आरंभीच्या चित्रपटात बेरीज नव्हतीच. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंची जी चित्रं दाखवली गेली, ती प्रत्येकी जेमतेम पन्नास सेकंदांची होती. एका जागी कॅमेरा, एक शॉट, फिल्म संपली की चित्र संपलं. जॉर्ज मेलिएस या जादूगाराने पुढे एक हकीकत सांगितली. पॅरिसच्या रस्त्यावर चित्रण करताना त्याचा कॅमेरा क्षणभर अडकला, नंतर पुन्हा सुरू झाला. फिल्म धुऊन पाहिली तर घोड्यांच्या बसची एकाएकी शववाहिका झालेली. दोन क्षण शेजारी आले की मधला काळ नाहीसा होतो आणि एक वस्तू दुसरी होते, हे त्याला कळलं. या युक्तीवर त्याने शेकडो चमत्कार उभे केले. पण गोष्ट सांगण्यासाठी चमत्कार पुरत नाहीत.

एडविन पोर्टरच्या 'लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन' (१९०३) या चित्रपटाच्या दोन प्रती बराच काळ अभ्यासकांसमोर होत्या. एका प्रतीत जळत्या घरातून बाई आणि मूल वाचवण्याचा प्रसंग आतून एकदा पूर्ण दिसतो आणि मग तोच प्रसंग बाहेरून पुन्हा पहिल्यापासून दिसतो. दुसऱ्या प्रतीत आत-बाहेर, आत-बाहेर असे तुकडे गुंफलेले आहेत. गुंफण असलेली प्रत पाहून पोर्टरने केवढी झेप घेतली म्हणून लोक थक्क झाले. पुढे उलगडा झाला की ती गुंफण नंतर कुणीतरी केलेली आहे; १९०३ सालच्या प्रेक्षकाने एकच घटना दोनदा पाहिली. मला ही गोष्ट अतिशय मोलाची वाटते. आज आपल्याला जे श्वासासारखं सहज वाटतं, ते कुणालातरी पहिल्यांदा सुचावं लागलं आणि प्रेक्षकालाही शिकावं लागलं. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत आले. दोन चित्रांमधला दुवा तिथे कथेकऱ्याचा आवाज पुरवतो. मूक चित्रपटाला तो आवाजही नव्हता. चित्राला चित्रानेच पुढे न्यायचं होतं.

ते काम अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथने हाती घेतलं. दाराशी दरोडेखोर, आत भेदरलेलं कुटुंब आणि दूरवरून धावत येणारा घरधनी, ही तीन ठिकाणं आलटून पालटून दाखवली की प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो, हे त्याने १९०९ सालच्या 'द लोनली व्हिला'त दाखवलं. १९१६ सालच्या 'इन्टॉलरन्स'मध्ये तर त्याने चार वेगवेगळ्या युगांतल्या चार कथा एकमेकींत विणल्या आणि शेवटाकडे त्यांचे तुकडे आखूड आखूड करत नेले. आधीच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये हेच कौशल्य त्याने वर्णद्वेषाच्या सेवेला लावलं होतं, हेही इथेच सांगायला हवं. धावून येणारा सुटका करणारा कोण आणि दाराशी उभा असलेला राक्षस कोण, हे ठरवणारा कट निरागस नसतो.

'इन्टॉलरन्स' १९१९ साली मॉस्कोला पोहोचला तेव्हा क्रांतीनंतरच्या रशियात कोऱ्या फिल्मचा दुष्काळ होता. तिथले तरुण नवं चित्रण करू शकत नव्हते, म्हणून त्यांनी जुनं उसवून पुन्हा शिवायला सुरुवात केली. या टंचाईतून चित्रपटाचा पहिला खरा विचार जन्मला, आणि या पुस्तकात मी त्या दशकाला सर्वांत जास्त जागा दिली आहे. लेव्ह कुलेशोव्हचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मोझ्झुखिन या नटाचा तोच एक निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी ठेवला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा खेळणाऱ्या मुलीशेजारी. पाहणाऱ्यांनी नटाच्या भुकेची, दुःखाची आणि वात्सल्याची तारीफ केली. ती फिल्म आज उपलब्ध नाही. आपण पुडोवकिनच्या वर्णनावर विसंबतो. त्याच कुलेशोव्हने मॉस्कोच्या रस्त्यात भेटलेली दोन माणसं पुढच्या शॉटमध्ये वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसपुढे आणून उभी केली. भूगोलही जोडून तयार करता येतो.

इथून पुढे वाद सुरू झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. पुडोवकिन म्हणत होता की शॉट म्हणजे विटा. एकीवर एक रचत जा, भिंत उभी राहते. सर्गेई आयझेनस्टाइनला हे साफ नामंजूर होतं. त्याच्या मते दोन शॉट एकमेकांवर आदळले पाहिजेत. जपानी लिपीत डोळा आणि पाणी ही दोन चिन्हं शेजारी आली की 'रडणं' असा तिसराच अर्थ निघतो. त्याला बेरीज म्हणू नका, तो गुणाकार आहे, असं त्याचं म्हणणं. 'बॅटलशिप पोटेमकिन' (१९२५) मधल्या ओडेसाच्या पायऱ्यांवर सैनिकांचे बूट एका संथ लयीत उतरत राहतात आणि लोकांची पळापळ त्या लयीला छेद देत राहते. घड्याळाने मोजलं तर तो जिना काही मिनिटं चालूच शकत नाही. भीतीने मोजलं तर तेवढाच चालतो. 'ऑक्टोबर'मध्ये त्याने केरेन्स्कीच्या शेजारी यांत्रिक मोर ठेवला. ही जोडणी मला आजही जरा शाळामास्तरी वाटते; उत्तर आधीच फळ्यावर लिहून ठेवल्यासारखी. प्रेक्षकाला बेरीज करू द्यायची की उत्तर सांगून टाकायचं, हा आयझेनस्टाइनच्या महानतेच्या आतलाच प्रश्न आहे.

याच दशकातल्या दोन स्त्रियांकडे मी वाचकाचं लक्ष मुद्दाम वेधते. झिगा व्हेर्तोव्हच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' (१९२९) मध्ये कॅमेरावाला शहरभर हिंडतो, आणि एकाएकी चित्र थिजतं. समोर येते संकलनाच्या टेबलाशी बसलेली एक स्त्री. ती फिल्मच्या पट्ट्या निवडते, कापते, जोडते, आणि थिजलेले चेहरे पुन्हा हलू लागतात. ती एलिझावेता स्विलोवा, त्या चित्रपटाची संकलक आणि व्हेर्तोव्हची पत्नी. चित्राला जीव कुठे येतो हे इतक्या थेटपणे फार थोड्या चित्रपटांनी दाखवलं आहे. दुसरी एस्फिर शूब. तिने 'द फॉल ऑफ द रोमानोव्ह डायनेस्टी' (१९२७) साठी स्वतः काहीच चित्रित केलं नाही. तळघरांतून धूळ खात पडलेली फिल्म मिळवली, त्यात झारच्या घरची हौसेने टिपलेली दृश्यंही होती. ही नाचणारी, मिरवणारी माणसं तिने राबणाऱ्या माणसांच्या शेजारी ठेवली. ज्या चित्रणातून राजाची शान दिसायची, तेच आता राजावरचं आरोपपत्र झालं.

तिकडे हॉलिवूडने उलट टोकाची वाट धरली. सांधा दिसताच कामा नये, हा त्यांचा धर्म. दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्या नजरांना जोडणारी एक रेघ मनात ओढायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. म्हणजे एक नेहमी उजवीकडे पाहील, दुसरा डावीकडे, आणि प्रेक्षक गोंधळणार नाही. माणूस खुर्चीतून उठत असताना, त्या हालचालीच्या ऐन मध्यावर कट करायचा. डोळा हालचालीमागे जातो, सांधा नजरेतून निसटतो. कुणी काहीतरी पाहिलं की लगेच ते काय आहे ते दाखवायचं. हे नियम इतके मुरले आहेत की आज मोबाइलवर वाढदिवसाचा व्हिडिओ करणारी मुलंही ते नकळत पाळतात. हे मुरवणाऱ्यांमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. फिल्म जोडणं हे त्या काळी शिवणकामासारखं, म्हणजे बायकी, कमी मानाचं काम समजलं जाई. ग्रिफिथकडे फिल्म जोडत सुरुवात केलेली मार्गारेट बूथ पुढे एमजीएममध्ये १९६८ पर्यंत संकलनाची सूत्रं सांभाळत होती. ॲन बॉकन्सला 'नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलीस' (१९४०) साठी संकलनाचं ऑस्कर मिळालं; ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

आपल्याकडची सुरुवातही घरातूनच झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे फाळक्यांच्या घरात कोऱ्या फिल्मला छिद्रं पाडणाऱ्या सरस्वतीबाई होत्या. 'लंकादहन' (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. राम समुद्राच्या अलीकडे, सीता अशोकवनात. दोघांमधला विरह पाहून माणसं हळहळली तेव्हा ती एकाच नटाच्या दोन रूपांमधला विरह पाहत होती. चित्रपटातल्या तुकड्यावर विश्वास ठेवायला आपला प्रेक्षक इतक्या लवकर शिकला.

प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या चित्रपटांविषयी मराठीत खूप लिहिलं गेलं आहे, पण ते बहुतेक कथेविषयी आणि गाण्यांविषयी. शांतारामबापूंचा 'कुंकू' (१९३७) आवाजाचं संकलन म्हणून पाहा, असं मी सुचवेन. त्यात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते घरातलं आणि रस्त्यातलं. वृद्ध काकासाहेबांच्या वाड्यातलं लंबकाचं घड्याळ पुन्हा पुन्हा समोर येतं, आणि पाहणारा आपोआप त्या घड्याळात काकासाहेबांचं वय मिळवतो, त्यांची पत्नी नीरा हिचं तारुण्य वजा करतो. एक शब्दही न बोलता हा हिशेब होतो.

पुढे बंगालमधून दोन वाटा फुटल्या. सत्यजित राय यांचे चित्रपट 'पथेर पांचाली'पासून दुलाल दत्त यांनी संकलित केले. 'चारुलता' (१९६४) च्या अखेरीस पती-पत्नीचे हात एकमेकांकडे येतात आणि भेटण्याआधीच चित्र थिजतं. पुढची बेरीज कधीच पूर्ण होत नाही. ऋत्विक घटकांची जोडणी याच्या अगदी उलट, घाव घालणारी. 'कोमल गांधार' (१९६१) मध्ये फाळणीनंतर तुटलेल्या रुळांवरून कॅमेरा सुसाट धावतो, आक्रोशासारखा गजर वाढत जातो आणि रूळ संपतात तिथे पडदा एकदम काळा होतो. तो काळा तुकडा मी किती वेळा पाहिला असेल; दर वेळी हात टेबलाच्या कडेला घट्ट धरला जातो. हेच घटक १९६० च्या दशकाच्या मध्यावर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रभातच्याच जागेत, शिकवायला आले. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' आणि 'मधुमती'चे संकलक हृषीकेश मुखर्जी पुढे दिग्दर्शक झाले, आणि त्यांच्या चित्रपटांतली ती घरगुती, अचूक वेळ साधणारी लय टेबलावरून आली आहे हे स्पष्ट दिसतं.

कट मुळात हवाच का, असाही प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारणारे या कलेचे शत्रू नव्हते. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझां म्हणे की वास्तवाला तुकड्यांत मोडलं की प्रेक्षकाचं स्वातंत्र्य जातं. दोन गोष्टी एकाच चौकटीत एकत्र राहू द्या, कुठे पाहायचं ते त्याला ठरवू द्या. तारकोव्हस्कीच्या मते लय शॉटच्या आत वाहणाऱ्या काळातून येते, जोडणीतून नाही. पण त्याच तारकोव्हस्कीच्या 'मिरर' (१९७५) ची जोडणी काही केल्या उभी राहीना. वीसेक वेगवेगळ्या रचना करून पाहिल्यावर एके दिवशी ती उभी राहिली. ओझूने नजरेची रेघ बेधडक ओलांडली आणि प्रसंगांच्या मधे वाळत घातलेले कपडे, रिकामे बोळ, तारांचे खांब ठेवले. गोदारच्या 'ब्रेथलेस' (१९६०) मध्ये लांबी कमी करायची होती, तर अख्खा प्रसंग गाळण्याऐवजी शॉटच्या पोटातूनच तुकडे उडवले गेले. मोटारीत बसलेल्या मुलीची मान तीच, मागचा रस्ता मात्र उड्या मारतो. सेसील देक्युजी या संकलिकेच्या हातून घडलेला तो 'जंप कट' आज प्रत्येक यूट्यूबर वापरतो.

लांब थांबण्याचं मोल ज्याला पाहायचं आहे, त्याने चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) पाहावा. रिखव देसाई यांच्या संकलनात शॉट त्याच्या 'कामा'नंतरही चालू राहतो. सुट्टीआधीचा शेवटचा दिवस संपतो, न्यायालयातली माणसं निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात आणि आपण त्या रिकाम्या अंधारात बसून राहतो. वक्तशीर संकलकाने तो शॉट कितीतरी आधी सोडला असता. मग या व्यवस्थेत माणूस वाट पाहत बसतो म्हणजे काय, ते आपल्याला कळलं नसतं. 'सैराट' (२०१६) च्या शेवटी कुतुब इनामदार यांच्या टेबलावर आवाजच काढून घेतला गेला; लहान मूल दारात येतं, आणि त्यानंतर थिएटरात ऐकू येतो तो फक्त माणसांचा श्वास.

आता थोडं टेबलाविषयी, कारण माझं शिक्षण तिथे झालं. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचे एका फुटाला १६ फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट. ती फिल्म हाताळायची, ग्रीस पेन्सिलने खूण करायची, स्प्लायसरमध्ये कापून टेपने जॉइंट मारायचा, उरलेले तुकडे नंबर घालून टांगायचे. मी सहायक असताना एका प्रसंगातला सहा फ्रेमचा तुकडा माझ्या हातून हरवला. सहा फ्रेम म्हणजे पाव सेकंद. प्रसंग तर नीट चालत होता. माझे गुरू म्हणाले, शोध. संपूर्ण दुपार मी ते तुकडे चाळत होते. संध्याकाळी तो तुकडा सापडला, जोडला, आणि आम्ही प्रसंग पुन्हा चालवला. त्या पाव सेकंदात नायिकेची नजर खाली झुकत होती. तो तुकडा नव्हता तेव्हा तिने नकार दिला होता. तो आला आणि तिने नाइलाजाने नकार दिला. गुरू काही बोलले नाहीत, त्यांनी चहा मागवला.

वॉल्टर मर्च यांचं 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय' हे छोटं पुस्तक मी या अनुभवानंतर बऱ्याच वर्षांनी वाचलं. 'द कन्व्हर्सेशन'चं संकलन करताना त्यांना जाणवलं की आपण जिथे कट करतो आहोत, तिथेच जीन हॅकमनची पापणी लवते आहे. विचार पुरा झाला की माणूस पापणी मिटतो. कटही तिथेच पडावा. चांगल्या कटच्या कसोट्यांना त्यांनी टक्केही दिले आहेत: भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, आणि उरलेले १६ नजरेच्या व जागेच्या सातत्याला. हॉलिवूडने ज्या नियमांवर इमारत बांधली, ते मर्च यांच्या यादीत तळाशी आहेत. टक्क्यांवर मी भांडणार नाही, क्रम मला पूर्ण मान्य आहे. 'अपोकॅलिप्स नाउ'साठी साडेबारा लाख फूट फिल्म चित्रित झाली होती. त्यांनी हिशेब केला, तेव्हा एका संकलकाचे दिवसाला सरासरी दीडच कट भरले. बाकीचा दिवस पाहण्यात आणि न जमलेल्या वाटा बंद करण्यात जातो. पुढे मर्च यांनीच 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) संगणकावर केला, आणि डिजिटल संकलनासाठी ऑस्कर मिळवणारा तो पहिला चित्रपट ठरला. यंत्र बदलल्याने हात वेगवान झाला. पाहायला लागणारा वेळ तेवढाच राहिला, पण तो काढण्याची सवय सुटत चालली, हे मी रोज पाहते.

रेणू सलुजा यांच्याविषयी या पुस्तकात स्वतंत्र लेख आहे. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये घडलेल्या या संकलिकेने १९८३ या एका वर्षात 'जाने भी दो यारो'चा कल्लोळ आणि 'अर्धसत्य'चा दाबून धरलेला संताप, दोन्ही सांभाळले. 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २००० साली त्या अकाली गेल्या. त्यांची स्वतःची अशी शैली दाखवता येत नाही, असं काही जण म्हणतात. माझ्या मते हीच त्यांची थोरवी. प्रत्येक चित्रपटाचा श्वास त्यांनी त्या चित्रपटाकडूनच घेतला.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर आपल्या खिशात आहे. आज प्रत्येक फोनमध्ये टाइमलाइन आहे. सांगलीची शाळकरी मुलगी रील बनवते, शेतकरी आपल्या प्रयोगाचा व्हिडिओ जोडतो, लग्नाचा अल्बम 'सिनेमॅटिक' होतो. याचा मला मनापासून आनंद आहे. ही कला इतक्या हातांत पूर्वी कधीच नव्हती. पण त्याच फोनवर एखाद्या भाषणाचा मधलाच तुकडा येतो. आधीचं वाक्य उडवलेलं, नंतरची टाळी दुसऱ्याच सभेतली. गावात भांडणं लागतात. हा कुलेशोव्हचाच प्रयोग आहे, फक्त आता सूपच्या वाडग्याच्या जागी शेजारी आहे. व्हिडिओ खरा आहे का, असं आपण विचारतो. तुकडा खरा असू शकतो. जोडणी कुणी केली आणि मधून काय काढलं, हे विचारायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. चौथीतल्या मुलाला आपण वाक्यातला कर्ता ओळखायला शिकवतो. मग तो दिवसभर जे पाहतो त्याचं व्याकरण त्याला का शिकवू नये?

दुसरं कारण भाषेचं आहे. सिनेमाविषयी गंभीर लिहिणारे मराठीत झाले. अरुण खोपकर यांच्या 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' या पुस्तकाने चित्रचौकट आणि प्रकाश यांविषयी मराठीत किती सूक्ष्मपणे बोलता येतं, हे दाखवून दिलं. पण टेबलावरच्या कामाविषयी आपल्या भाषेत फारसं आलेलं नाही. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं संकलनाच्या वर्गात बसतात तेव्हा इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे गप्प होतात. त्यांना लय समजत नाही असं नाही. ती ढोलकीच्या फडात आणि कीर्तनात वाढलेली असतात. कीर्तनकार आख्यान ऐन रंगात असताना थांबतो, अभंग घेतो आणि नेमक्या जागी परत येतो. ज्याला हे कळतं, त्याला ग्रिफिथचं समांतर संकलन शिकवायला अर्धा तास पुरतो.

म्हणून हे पुस्तक मी त्या मुलांना समोर बसवून लिहिलं आहे. शॉट, कट, रशेस, रफ कट, सिंक हे शब्द जसेच्या तसे ठेवले, कारण टेबलावर तेच बोलले जातात. जिथे संकल्पना समजावायची आहे तिथे मात्र साध्या मराठीचा आधार घेतला. कुठलंही सॉफ्टवेअर इथे शिकवलेलं नाही. बटणं दोन-तीन वर्षांत जागा बदलतात. इतिहास काळाच्या क्रमाने येईलच असं नाही; जिथे एखाद्या आजच्या चित्रपटातून जुना प्रश्न जिवंत होतो, तिथे मी मागे गेले आहे. आवाजाला चित्राच्या बरोबरीची जागा दिली आहे. पुढच्या प्रसंगाचा आवाज आधी ऐकू आला की मन चित्राच्या पुढे धावतं, हे आपण रोज अनुभवतो, पण त्याकडे लक्ष देत नाही. माहितीपट आणि बातम्यांच्या संकलनाला एक मोठा भाग दिला आहे, त्याचं कारण वर आलंच आहे. माझी मतं मी लपवलेली नाहीत. वेगवान संकलनाविषयी मी कठोर आहे असं तरुण वाचकाला वाटेल. त्याने त्याचे चित्रपट पुढे ठेवून माझ्याशी वाद घालावा.

वाचताना एक करा. ज्या प्रसंगाविषयी मी लिहिलं आहे, तो एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका, आणि मगच माझं म्हणणं वाचा. कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक कटला एक रेघ मारा. चार मिनिटांचा प्रसंग घेतलात तर तासभर जाईल.

आभार पुष्कळांचे आहेत आणि ते शेवटच्या पानावर आहेत. एका व्यक्तीचा उल्लेख मात्र मला इथेच करायचा आहे. आमच्या पहिल्या काही चित्रपटांची निगेटिव्ह एका बाईंनी कापली. वर्कप्रिंट आम्ही हवी तशी चुरगाळायचो, निगेटिव्हवर मात्र एकदा कात्री चालली की चालली. त्या पांढरे हातमोजे घालून बसत, कडेचे नंबर मनातल्या मनात म्हणत, कट करण्यापूर्वी क्षणभर श्वास रोखून धरत. श्रेयनामावलीत त्यांचं नाव एकदाही आलं नाही, आणि आपलं नाव इथे घालू नये असं त्यांनीच मला सांगितलं. या पुस्तकाची पहिली प्रत त्यांच्या घरी पोहोचवून मग मी पुढच्या कामाला लागणार आहे.